फ्लो मीटरचं कम्युनिकेशन पुन्हा पुन्हा तुटतंय? आधी तिसरी वायर शोधा

मीटर बदलला, चार दिवस नीट चालला, पाचव्या दिवशी स्क्रीनवर पुन्हा ‘टाइमआउट’. कन्व्हर्टर बदलला, आठवडाभर शांतता, मग ये रे माझ्या मागल्या. तुमच्या आरएस-४८५ लाइनवर, म्हणजे अनेक मीटर एकाच केबलने कंट्रोलरशी जोडणाऱ्या सिरियल लाइनवर, असं चाललं असेल, तर हे वाचा. एकदाच बंद पडून कायमचं बंद राहिलेलं कम्युनिकेशन शोधायला सोपं असतं. वायर तुटलेली असते, पत्ता चुकलेला असतो किंवा पोर्ट जळालेला असतो. डोकं खातं ते अधूनमधून तुटणारं. कारण आपण काहीतरी बदलतो, ते योगायोगाने चालू होतं आणि आपल्याला वाटतं की आपणच दुरुस्त केलं.

मी पाहिलेला एक प्रकार सांगतो. एका लाइनवर सहा इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लो मीटर होते. बोलायची भाषा मॉडबस आरटीयू, वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. पाचव्या नंबरचा मीटर रोज काही वेळ गायब व्हायचा. मी पोचेपर्यंत तो मीटर दोनदा आणि पीएलसीचं, म्हणजे मीटर वाचणाऱ्या कंट्रोलरचं, कम्युनिकेशन कार्ड एकदा बदलून झालं होतं. दर वेळी बदलल्यावर लाइन चालायची. पण मीटर बदलायचा म्हणजे पाइप रिकामा करावा लागतो, त्यासाठी पंप बंद ठेवावा लागतो, आणि तपासणीही पंप बंद असतानाच उरकली जायची! पाचव्या मीटरच्या शेजारीच तो मोठा पंप होता, व्हीएफडीवर, म्हणजे मोटारचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर चालणारा. पंप सुरू झाला की मीटर गायब. हा संबंध कुणी जोडला नव्हता, कारण पंप ऑपरेटरच्या ताब्यात आणि मीटर इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या.

मीटरचं झाकण उघडलं. सिरियल पोर्टला तीन टर्मिनल होती: ए, बी आणि कॉमन. ए आणि बीवर वायर होत्या, कॉमन मोकळं. केबल दोन जोड्यांची होती. दुसरी जोडी ग्लँडच्या, म्हणजे केबल शिरते त्या तोंडाच्या, आत कापून, टेप गुंडाळून मागे दडवलेली. म्हणजे औषध घरातच होतं, फक्त कपाटात बंद.

आरएस-४८५ ला सगळे ‘टू-वायर’ म्हणतात, आणि माझ्या मते या नावानेच जितका घोटाळा केलाय तितका कुठल्याही वाईट केबलने केला नसेल. डेटा दोन वायरवर जातो हे खरं. समोरचा रिसीव्हर ए आणि बी यांच्यातला फरक पाहतो. २०० मिलिव्होल्टचा फरक त्याला पुरतो. पण हा फरक पाहताना त्या दोन्ही वायर रिसीव्हरच्या स्वतःच्या शून्याच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट यांच्या आत असाव्या लागतात. दोन्ही टोकांचं ‘शून्य’ एकच आहे याची हमी देणारी वायर म्हणजे कॉमन. ती नसेल तर शून्य कुठे आहे हे अर्थिंग, पाइप, ओलावा आणि शेजारचा व्हीएफडी मिळून ठरवतात. पंप बंद असताना ते बऱ्यापैकी जागेवर असतं, म्हणून लाइन चालते.

‘पण आमचा पोर्ट आयसोलेटेड आहे, त्याला कॉमन कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. आयसोलेटेड, म्हणजे बाकी सर्किटपासून विजेने तोडलेल्या, पोर्टला तर कॉमन जास्तच लागतं. त्याचं शून्य कशालाच बांधलेलं नसतं, ते हवेत तरंगत असतं. व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो. ते धक्के आयसोलेशनच्या पलीकडे थोडेफार पोचतातच आणि तरंगतं शून्य त्यांच्यासोबत हेलकावे खातं.

वायर जोडण्याआधी

रिकामं कॉमन दिसलं म्हणून लगेच वायर ठोकू नका. मीटरचं कॉमन टर्मिनल आणि पीएलसीकडून आलेली कॉमन वायर यांच्यात मल्टिमीटर लावा, आधी एसीवर, मग डीसीवर. दोन्ही मोजमापं दोनदा घ्या: पंप बंद असताना आणि चालू असताना. त्या पाचव्या मीटरवर पंप बंद असताना जेमतेम ०.४ व्होल्ट एसी दिसत होते आणि चालू केल्यावर ९ च्या आसपास. ९ व्होल्ट एसी म्हणजे शिखर सुमारे १२.७ व्होल्ट. दोन्ही दिशांनी मर्यादेच्या बाहेर.

पण हे ९ व्होल्ट खरे आहेत की भुताटकीचे? मल्टिमीटरचा इनपुट १० मेगाओमच्या घरात असतो, त्यामुळे हवेत तरंगणाऱ्या वायरवरही तो काहीतरी आकडा दाखवतोच. म्हणून त्याच दोन बिंदूंमध्ये १ किलोओमचा रेझिस्टर धरून पुन्हा मोजा. आकडा कोसळून शून्याजवळ आला, तर ते शून्य फक्त तरंगत होतं. कॉमन वायर जोडून टाका, त्यातून प्रवाह वाहण्याची भीती नाही. आकडा जिथल्या तिथे राहिला, तर दोन जागांच्या अर्थिंगमध्ये खरोखर तेवढा फरक आहे. अशा ठिकाणी साधी वायर जोडलीत तर अर्थिंगचा प्रवाह तुमच्या बारीक केबलमधून धावेल. मग आधी अर्थिंग दुरुस्त करायचं, किंवा त्या टोकाला आयसोलेटर बसवायचा. कॉमनच्या मालिकेत १०० ओमचा रेझिस्टर टाकून प्रवाह आवरण्याचीही पद्धत आहे, पण ती किरकोळ फरकासाठी. अर्थिंगचा मोठा दोष त्या रेझिस्टरमागे लपवू नये.

माझ्या बाबतीत आकडा कोसळला. दडवलेल्या जोडीतली एक वायर सोलली, टोकाला फेरूल, म्हणजे धातूची टोपी, लावला आणि कॉमनमध्ये बसवली.

पोर्ट आयसोलेटेड आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये सापडत नसेल तर पॉवर बंद करा, सिरियलच्या वायर काढा आणि कॉमन टर्मिनल व मीटरचा अर्थ स्क्रू यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. शून्याजवळ आला तर बांधलेला, मेगाओममध्ये गेला तर मोकळा. हीच चाचणी कॉमन आणि २४ व्होल्ट सप्लायचं उणे टोक यांच्यातही करा. सप्लायचं उणे म्हणजेच सिरियलचं कॉमन असं अनेकजण धरून चालतात. काही मीटरमध्ये ते आतून एकच असतं, काहींमध्ये अजिबात नसतं.

आणि केबलमधल्या वायरभोवतीचं धातूचं आवरण, म्हणजेच शील्ड, हे कॉमन नव्हे. शील्डचं काम बाहेरचा गोंगाट अडवून अर्थला सोडणं. तिलाच कॉमन म्हणून वापरलं की तो सगळा गोंगाट थेट रिसीव्हरच्या शून्यावर ओतला जातो. शील्ड शक्यतो पॅनलच्या टोकाला अर्थ करा. मीटरकडे ती कापून टेप लावा, पण मधल्या प्रत्येक जोडावर शील्डला शील्ड जोडत पुढे न्या. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. त्याचं शरीर मुद्दाम पाइपमधल्या द्रवाच्या पातळीला बांधलेलं असतं, अर्थिंग रिंगने किंवा इलेक्ट्रोडने, कारण त्याचं मूळ मापच त्यावर उभं असतं. मीटरकडचं शील्डचं टोक त्याच स्क्रूखाली दाबलं, तर कम्युनिकेशनचा त्रास जायचा राहिला बाजूला, फ्लोचा आकडाही नाचायला लागू शकतो.

चूक वाचायला शिका

तिसऱ्या वायरची गोष्ट आधी सांगितली, कारण माझ्या अनुभवात वारंवार परतणाऱ्या त्रासाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच निघतं. पण पाना हातात घेण्याआधी मास्टर, म्हणजे लाइनवर प्रश्न विचारणारा पीएलसी, नेमकी कोणती चूक दाखवतोय ते पाहा. तीन जाती आहेत. टाइमआउट म्हणजे उत्तरच आलं नाही. सीआरसी हा प्रत्येक निरोपाच्या शेवटी येणारा पडताळणीचा आकडा; त्याची चूक म्हणजे उत्तर आलं पण वाटेत विस्कटलं. एक्सेप्शन म्हणजे मीटरने नीट ऐकलं, नीट उत्तर दिलं, आणि उत्तर ‘नाही’ असं आहे. कोड १ म्हणजे हे फंक्शन मला येत नाही, २ म्हणजे हा रजिस्टर, आकडा ठेवायचा हा कप्पा, माझ्याकडे नाही, ३ म्हणजे तू मागितलेली किंमत किंवा संख्या मला मान्य नाही.

एक्सेप्शन आलं की वायरिंगला हात लावू नका. तारा उत्तम आहेत याचा तो लेखी पुरावा आहे. तरीही एक्सेप्शन पाहून टर्मिनेटर, म्हणजे लाइनच्या टोकाचे रेझिस्टर, काढणारे, केबल बदलणारे पाहिलेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रजिस्टरचा नंबर तपासा. मॅन्युअलमधला ४०००१ हा लाइनवर ० म्हणून जातो, आणि काही सॉफ्टवेअर ती एकाची वजाबाकी स्वतः करतात, काही करत नाहीत.

सीआरसीच्या चुका पंप चालू असताना वाढत असतील, तर वर सांगितलेलं कॉमन, शील्ड आणि पुढे येणारा पीळ हे पाहा. टाइमआउट मात्र वायरिंगमुळेही येतो आणि वेळेच्या गणितामुळेही. त्याकडे शेवटी येतो.

बंद लाइनवर ६० ओम

आता पॉवर बंद. मीटरच्या बॉक्समध्ये सिरियलच्या टर्मिनलपासून बोटभर अंतरावर अनेकदा २३० व्होल्टही असतात, म्हणून हे पाठ म्हणून नव्हे, खरंच बंद करा. सगळी उपकरणं बंद केल्यावर पॅनलच्या टोकाला ए आणि बी यांच्यातला रेझिस्टन्स मोजा.

लाइनच्या दोन टोकांना १२० ओमचे दोन टर्मिनेटर असले तर समांतर जोडणीत ६० ओम येतात. लांब केबलमध्ये तांब्याचा रेझिस्टन्स मिळून आकडा थोडा वर जातो. उदाहरणार्थ, ०.५ चौरस मिलिमीटरची ५०० मीटर केबल असेल तर जाऊन-येऊन साधारण ३६ ओम होतात आणि मल्टिमीटर ६८ च्या आसपास दाखवतो. १२० आले तर एकच टर्मिनेटर आहे, किंवा मध्ये कुठेतरी वायर तुटली आहे. किलोओममध्ये आले तर एकही नाही. ४० आले तर तीन आहेत, आणि हा तिसरा बहुधा कुणा मीटरच्या आत छोट्या डिप स्विचवर बसलेला असतो.

हा तिसरा कसा घुसतो? बदली मीटर येतो, त्याचा डिप स्विच कारखान्यातूनच ‘ऑन’ असतो, मधल्या जागेवरच्या मीटरवर तो कुणी पाहत नाही. किंवा तपासणीसाठी आणलेल्या यूएसबी कन्व्हर्टरच्या पोटात १२० ओम असतात.

आता टर्मिनेटरबद्दल माझं मत, थोडं प्रवाहाविरुद्ध. ९६०० बॉडवर शंभर-दोनशे मीटरची लाइन असेल तर टर्मिनेटर नसल्यामुळे कम्युनिकेशन तुटतंय हे मला सहसा पटत नाही. सिग्नल केबलमधून मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. १०० मीटर जाऊन परत यायला १ मायक्रोसेकंद. ९६०० बॉडवर एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो आणि रिसीव्हर तो मध्यावर वाचतो. तोवर टोकावर आपटून परतणारा प्रतिध्वनी, जो शोषायला टर्मिनेटर लावतात, केव्हाच विरून गेलेला असतो. १,१५,२०० बॉडवर आणि हजारभर मीटरवर गोष्ट वेगळी. पण मंद लाइनवर टर्मिनेटर काढ-घाल केल्याने ‘फरक पडला’ असं कुणी म्हणालं, तर तो फरक बहुतेक वेळा प्रतिध्वनीचा नसतो, बायसचा असतो.

शांत लाइन खरंच शांत आहे का

लाइनवर कुणीच बोलत नसताना सगळे ड्रायव्हर, म्हणजे लाइनवर सिग्नल ढकलणारे भाग, सुटलेले असतात. टर्मिनेटर ए आणि बीला एकमेकांजवळ ओढतात, फरक शून्याकडे जातो. आणि उणे २०० ते अधिक २०० मिलिव्होल्टच्या मधल्या पट्ट्यात रिसीव्हरने काय समजावं हे मानक सांगत नाही. मग जरासा गोंगाटही ‘स्टार्ट बिट’, म्हणजे बाइटची सुरुवात, वाटतो आणि खऱ्या निरोपाच्या आधी एखादा खोटा बाइट चिकटतो. सीआरसी चुकतो. हे टाळायला एका जागी, सहसा मास्टरकडे, दोन रेझिस्टर लावून एक वायर वर आणि दुसरी खाली ओढून ठेवतात. हाच बायस.

गणित करून पाहा. ५ व्होल्ट, दोन्हीकडे ५६० ओम, मध्ये ६० ओम: शांत लाइनवर ०.२५ व्होल्ट. ठीक. आता तो चोरपावलांनी आलेला तिसरा टर्मिनेटर धरा, म्हणजे मध्ये ४० ओम: ०.१७ व्होल्ट. २०० मिलिव्होल्टच्या खाली! आणि बायसचे रेझिस्टर ४.७ किलोओमचे असतील, तर दोन टर्मिनेटरवरही जेमतेम ३० मिलिव्होल्ट उरतात. तो बायस नसल्यातच जमा.

नव्या पद्धतीच्या बऱ्याच रिसीव्हर चिप शून्य फरकालाही ‘शांत’ समजतात. म्हणून एकाच लाइनवर नवा मीटर सुरळीत चालतो आणि जुना रुसतो. मग जुना खराब ठरवून बदलला जातो, बदली मीटरवर त्रास दिसत नाही, आणि बायसचा मूळ दोष पुढच्या जुन्या मीटरची वाट पाहत तिथेच बसून राहतो.

मोजायचं कसं: सगळ्यांना पॉवर द्या, मास्टरचं पोलिंग, म्हणजे पाळीपाळीने प्रश्न विचारणं, थांबवा, ए-बी यांच्यात डीसी व्होल्ट मोजा. चिन्ह कोणतंही येवो, आकडा ०.२ च्या वर हवा. पॅनलकडे मोजा आणि शेवटच्या मीटरकडेही.

ए कोण आणि बी कोण

मानकानुसार लाइन शांत असताना बी ही ए पेक्षा वर असते. मॉडबसच्या नियमातही तसंच, तिथे त्यांना डी१ आणि डी० म्हणतात. पण चिप बनवणाऱ्या अनेकांनी नेमकं उलट नाव दिलं, आणि मीटर बनवणाऱ्यांपैकी काहींनी मानक धरलं, काहींनी चिपवरची अक्षरं. म्हणून एका कंपनीचा ए दुसऱ्या कंपनीच्या बीला जोडावा लागणं यात नवल काहीच नाही. अक्षरांवर वाद घालू नका. शांत लाइनवर मास्टरची कोणती वायर वर आहे ते मल्टिमीटरने पाहा, आणि मीटरवर अधिक चिन्ह असलेलं टर्मिनल तिला द्या. चिन्हच नसेल तर एकदा अदलाबदल करून पाहा, त्याने काही जळत नाही. पण हे अधूनमधून तुटण्याचं कारण नसतं. उलट जोडलेला मीटर कधीच बोलत नाही. अधूनमधून बोलत असेल तर ए-बी बरोबर आहेत, त्यांना सोडा.

जोडी फुटलेली केबल

ही चूक डोळ्यांना दिसत नाही आणि मल्टिमीटरच्या बझर मोडवर सापडत नाही. केबलमध्ये दोन जोड्या आहेत, समजा निळी-पांढरी आणि नारिंगी-पांढरी. दोन्हींत पांढरी आहे. घाईत कुणी ए साठी निळी घेतो आणि बी साठी दुसऱ्या जोडीतली पांढरी. दोन्ही टोकांना तसंच जोडलं की कंटिन्युइटी बरोबर येते, कम्युनिकेशनही चालतं. पण ए आणि बी एकमेकांभोवती पिळलेल्या नाहीत, म्हणून बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडत नाही आणि वजाबाकीत उडून जात नाही. शांत वेळी सगळं ठीक, मोटार सुरू झाली की सीआरसी. झाकण उघडून बाहेरचं आवरण चार बोटं मागे सोला आणि कोण कुणाशी पिळलंय ते स्वतः पाहा. पीळ टर्मिनलच्या अगदी जवळपर्यंत ठेवा. सुटसुटीत दिसावं म्हणून वीतभर पीळ उलगडून ठेवलेली पॅनल फोटोत छान येतात.

त्याच वेळी प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. स्क्रूखाली तांब्याऐवजी इन्सुलेशन दाबलं गेलेलं असणं ही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट वाटते, पण पाइपच्या कंपनाने अधूनमधून तुटणाऱ्या लाइनमध्ये ती वारंवार सापडते. डेझी चेनमध्ये, म्हणजे लाइन एका मीटरमधून पुढच्या मीटरकडे जाते तेव्हा, एका टर्मिनलमध्ये दोन वायर येतात. त्यांना जुळा फेरूल वापरा. नुसते तांब्याचे केस पिळून घुसवले की एक वायर घट्ट बसते आणि दुसरी तिच्या भरवशावर.

सिरियल केबल मोटारच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये मैलभर झोपवू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पहाटे तुटतं, दुपारी जुळतं

वेळेवर लक्ष द्या. पंपाशी नाही पण थंडीशी किंवा धुलाईशी संबंध दिसत असेल, तर मीटरच्या बॉक्समध्ये पाणी शोधा. गार पाण्याचा पाइप, दमट हवा, आणि ग्लँड केबलपेक्षा एक माप मोठा. आत दव धरतं, टर्मिनलच्या पट्टीवर ओल आणि मळ मिळून गळतीचा रस्ता बनवतात. ऊन वर आलं की सुकतं आणि तुम्ही जाऊन पाहता तेव्हा सगळं उत्तम. स्क्रूवरचा हिरवा थर हा याचा साक्षीदार. केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, आत ओघळणार नाही. ग्लँडचं तोंड शक्यतो खाली ठेवा. न वापरलेल्या भोकाला प्लग हवा, टेप नव्हे.

केबलचं इन्सुलेशन तपासायला मेगर, म्हणजे मोठं व्होल्टेज देऊन मोजणारं यंत्र, लावायचा असेल तर दोन्ही टोकं उपकरणांतून सोडवा. ५०० व्होल्ट पोर्टवर गेले की तपासायला काही उरत नाही. असा मार खाल्लेला पोर्ट अनेकदा पूर्ण मरत नाही, ऐकतो पण बोलत नाही, किंवा स्वतः गप्प राहून अख्खी लाइन खाली ओढतो. ओळखण्यासाठी वायर काढून, पॉवर बंद ठेवून ए ते कॉमन आणि बी ते कॉमन मोजा. दोन्ही किलोओममध्ये आणि एकमेकांच्या जवळपास हवेत. एक काही दहा ओमवर आला तर तो पोर्ट गेला. शेजारच्या चांगल्या मीटरचे आकडे तुलनेला घ्या.

लॅपटॉप खोटं बोलतो तेव्हा

तपासायला गेलेल्या माणसाचा लॅपटॉप हा स्वतंत्र विषय आहे. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप कुठल्याच अर्थला बांधलेला नसतो. तो मीटरसोबत तरंगतो आणि सगळं छान वाचतो. तुम्ही ‘मीटर ठीक, पीएलसी खराब’ असा निकाल देता. चार्जर लावून पुन्हा करून पाहा. चार्जर लावताच निकाल बदलला, तर दोष शून्याच्या फरकात आहे, पीएलसीमध्ये नाही. ही चाचणी फुकट आहे, तरी फार कमी लोक करतात. फक्त मोठा अर्थ-फरक मोजला असेल तिथे करू नका, यूएसबी पोर्ट जाऊ शकतो.

आणि पीएलसी पोलिंग करत असतानाच त्याच लाइनवर लॅपटॉपवरून प्रश्न विचारू नका. एका लाइनवर दोन मास्टर झाले की दोघांच्या चुका वाढतात, आणि मग तपासणीमुळे झालेला दोष शोधत दुपार जाते. फक्त ऐकायचं असेल तर ऐकणारं सॉफ्टवेअर लावा आणि कन्व्हर्टरचा टर्मिनेटर काढा.

उशिरा आलेलं उत्तर

टाइमआउटचं दुसरं कारण. ९६०० बॉडवर पॅरिटीसह, म्हणजे चूक पकडायच्या जादा बिटासह, एक अक्षर ११ बिटांचं, म्हणजे सुमारे १.१५ मिलिसेकंद. दोन रजिस्टर वाचायला प्रश्न ८ बाइट, उत्तर ९ बाइट, मिळून साधारण २० मिलिसेकंद. शिवाय प्रत्येक निरोपाआधी साडेतीन अक्षरांची शांतता, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्यात मीटरचा विचार करण्याचा वेळ मिळवा. तो प्रत्येक मीटरचा वेगळा. मापनाच्या गडबडीत असलेला मीटर कधी पटकन बोलतो, कधी रेंगाळतो.

मास्टरचा टाइमआउट ५० मिलिसेकंद ठेवलाय आणि तिसऱ्या मीटरने एखाद्या वेळी ७० घेतले, असं धरा. मास्टर कंटाळून चौथ्याला प्रश्न विचारतो, त्याच क्षणी तिसरा बोलायला लागतो. दोघांची टक्कर होते आणि चूक चौथ्याच्या नावावर पडते. चौथा बदलला तरी काही फरक पडत नाही, कारण गुन्हेगार तिसरा. म्हणून शंका येताच टाइमआउट १००० मिलिसेकंद करा. चुका थांबल्या तर तो हळूहळू खाली आणत योग्य जागा शोधा. फ्लोचा आकडा सेकंदाने उशिरा आला तर सहसा आभाळ कोसळत नाही.

बदललेल्या मीटरचा पत्ता कारखान्याचा, म्हणजे बहुधा १, राहिलेला असेल आणि लाइनवर आधीच एक १ असेल, तर दोघे एकदम बोलतात. मीटर बदलल्यानंतरच सुरू झालेल्या त्रासात हे सर्वांत आधी पाहा. पॅरिटीही पाहा. मॉडबसचा मूळ नियम ‘इव्हन’ सांगतो, पण ‘नन’ ठेवलेली उपकरणं भरपूर आहेत.

कम्युनिकेशन चालू आहे, चूक नाही, पण फ्लो शून्य किंवा अचाट दिसतो, हा वायरिंगचा विषयच नाही. ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरमध्ये येतो आणि त्यांचा क्रम उलटा वाचला जातोय. १०० हा आकडा उलटा वाचला तर इतका सूक्ष्म होतो की पडद्यावर ०.०० दिसतो. मास्टरमध्ये शब्दांचा क्रम बदला.

त्या पाचव्या मीटरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कॉमन जोडल्यावर पीएलसीतला चुकांचा काउंटर शून्य केला आणि ऑपरेटरला विनंती करून पंप तीन वेळा बंद-चालू केला, तिसऱ्या वेळी पूर्ण वेगावर. काउंटर शून्यावरच. मग मी कॉमनची वायर पुन्हा काढली. बरोबरचा तंत्रज्ञ वैतागला, ‘अहो साहेब, चाललंय ते कशाला मोडताय?’ पंप सुरू केला, आणि काउंटर पळायला लागला. वायर परत बसवली, स्क्रू आवळला, काउंटर थांबला. त्यानंतर तोच स्वतः उरलेल्या पाच मीटरची झाकणं उघडायला निघाला. त्यांतल्या तिघांत दुसरी जोडी तशीच टेप गुंडाळून मागे दडवलेली होती.